आप्पांची काळी बिअर

आप्पा गेल्याची बातमी मला रॉकेलच्या रांगेत कळली. माझ्यापुढं दोनच जणी राहिल्या होत्या. माहेराहून, वरव्याहून चुलतभाऊ सायकल मारत आला, रांगेतल्या बायकांचे चेहरे बघत बघत माझ्यापाशी थांबला आणि "ताई, घरी चल" एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला कळायचं ते कळलं. तरी मी म्हणाले, "थांब, दोनच नंबर राहिलेत." डबा भरून घेतला, झाकण घट्ट बसलंय का ते दोनदा बघितलं आणि मग निघाले. या गोष्टीला दीड महिना झाला, पण त्या दोन नंबरांची लाज अजून जात नाही. काय करू, मी जन्माचीच काळजीखोर. आभाळ कोसळलं तरी घरात रॉकेल आहे ना, हे आधी बघणारी. आप्पा मला चिडवायचे, "हिच्या पोटात भीतीचा गोळा आधी आला, जीव मागनं आला." त्यांना माहीत नव्हतं असं नाही, की त्यातला निम्मा गोळा त्यांनीच घातलेला होता.

वरवे बुद्रुकच्या विहारात शोकसभा झाली. गावातले, भोरचे, आसपासच्या वाड्यांवरचे लोक आले होते. एक वक्ते उभे राहिले आणि म्हणाले, "सखारामआप्पांनी दीक्षा घेतल्यापासून दारूच्या थेंबालाही हात लावला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आईनं पदराआडून मला असा चिमटा काढला की मी ओरडायचीच राहिले. वक्ते चुकीचं काही बोलत नव्हते. आप्पांनी दारू प्यायली नाही, हे खरंच आहे. पण एका हिवाळ्यात त्यांनी घरातला रांजण भरून दारू केली होती, हे त्या सभेत आम्ही तिघंच जाणत होतो. मी, आई आणि मागच्या रांगेत खाली मान घालून बसलेले आमचे हे... जे पोलिसात आहेत.

अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट असेल. मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. आप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत होते तेव्हा एका मेजरसाहेबांचे अर्दली होते. साहेबांचं नाव लिहीत नाही, त्यांची मुलंबाळं आहेत. बूट पॉलिश करायचे, गणवेशाला इस्त्री करायची, पाणी तापवायचं, जेवण वाढायचं, भांडी घासायची. इटलीच्या चिखलात आणि बर्फात दोघं बरोबर राहिले. साहेब निवृत्त होऊन भोरला नीरेच्या अंगाला बंगल्यात राहायला आले, आणि आप्पा वर्षातून दोनदा नवा तांदूळ घेऊन त्यांना भेटायला जायचे. साहेब प्रेमानं बोलायचे, चौकशी करायचे. आप्पा व्हरांड्यात उभे राहून उत्तरं द्यायचे. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "तुम्ही बसत का नाही?" तर म्हणाले, "अर्दलीला बसायची सवय नसती."

त्या वर्षी दिवाळीनंतर आप्पा भेटून आले ते वाईट बातमी घेऊनच. साहेबांना पोटाचा असाध्य आजार झाला होता. डॉक्टरांनी दोन-अडीच महिन्यांची मुदत सांगितली होती, अन्न जात नव्हतं, कशावर वासना नव्हती. फक्त एक गोष्ट ते मागत होते. इटलीतल्या एका नाताळात मेसमध्ये एक विलायती बिअर आली होती. बाटलीवर काळ्या घोड्याचं चित्र, आत काळीकुट्ट, दाट बिअर. तिला चॉकलेटचा वास, दालचिनी-जायफळाची चव, आणि ती इतकी कडक की दोन गिलासांत गोरे सार्जंट रडायला लागायचे. साहेबांच्या मुलानं परमिटवर मिळणारी पिवळी, पातळ बिअर आणून दिली, ती त्यांनी ओठाला लावून परत केली. बाहेरदेशाहून माल यायचा बंद झालेला. मग साहेब आप्पांना म्हणाले होते, "सखाराम, तुला तरी आठवते का रे ती? की मीच वेडा झालोय?"

"म्या करतो म्हनून सांगून आलोय," आप्पा आईला म्हणाले.

आई भाकरी थापत होती. "काय करता?"

"ती बिअर."

आईचा हात परातीतच राहिला. "तुमी? रोज सकाळी पंचशील म्हननारं तुमी? अन् जावई पोलिसात हाय, त्ये इसरला व्हय?"

"प्यायची न्हाई. करायची हाय. साहेबाला दिलेला शब्द हाय."

आता वाचणाऱ्यांना वाटेल, त्यात एवढं काय. पण तेव्हा दारूबंदी सैल झाली असली तरी घरात रांजण लावणं हा गुन्हाच होता. सापडले असते तर आप्पा आत गेले असते, आणि सासऱ्याच्या घरी दारू सापडलेल्या शिपायाच्या अंगावर वर्दी किती दिवस राहिली असती? आणि एवढं करून साहेब तोवर टिकले नाहीत तर? मला सातवा लागला होता. मी रात्रंदिवस हेच घोकत बसले. आप्पांना म्हणाले, "नाही म्हणून सांगा ना साहेबांना." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "मरनाऱ्या मानसाला न्हाई कसं म्हनू गं?" म्हणाले आणि पासलीला आत्याकडं निघून गेले.

पासलीची आत्या नाचणीचं सत्त्व करण्यात नावाजलेली. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मग दळायची. सगळ्या वेल्ह्यात बाळंतिणींना आणि पोरांना हेच सत्त्व जायचं. आत्याला वाटलं, माझ्यासाठी आणि येणाऱ्या बाळासाठी भाऊ इतकी नाचणी मागतोय, तिनं पायलीभर जास्तच दिली आणि मला निरोप धाडला, "रोज खात जा." आप्पांनी लढाईत कुठंतरी ऐकलं होतं की बिअर मोड आलेल्या जवापासून होते. जव कुठून आणणार? मोड आलेलं धान्य म्हटलं की आमच्या माणसाला नाचणीच आठवणार. थोडी नाचणी त्यांनी लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजली, रंगासाठी. बाकीच्या पिठाची आंबील केली, मंद आचेवर धरली, फडक्यातून गाळली. त्यात काकवी, पुण्याहून कुणाकडून तरी मागवलेला कोको, दालचिनी, जायफळ, चार लवंगा, सुंठ. गोऱ्यांच्या बिअरीत कडवटपणासाठी कसलीशी फुलं असतात, ती कुठून आणायची, म्हणून काडेचिराईत. घरभर असा वास सुटला की मला डोहाळे लागल्यासारखं झालं. शेजारीण दारातून विचारून गेली, "काय गं, बाळंतकाढा का आतापास्नंच?" मी हो म्हटलं आणि ती वळताच दार लावून घेतलं.

आप्पांचा एक नेम होता, तो त्यांचा त्यांनीच ठरवलेला. खमीर टाकेपर्यंत ती आंबील. तोवर कितीही चाखावी. खमीर टाकलं की ती सुरा झाली. मग जिभेला एक थेंब नाही. त्यामुळं खमीर टाकायच्या आधी ते चूल सोडून हलेनात. पळीभर घ्यायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे. "जायफळ कमी हाय." पुन्हा उगाळायचे. "आता लवंग पुढं आली." मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला कशी माहीत ही चव? ती तर साहेबलोक प्यायचे." त्यांनी पळी खाली ठेवली आणि म्हणाले, "वासावरनं." मला ते पटलं नाही, पण आंबील चाखून त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसला, तो बघून मी पुढं विचारलं नाही.

भोरच्या एका बेकरीतून पावाचं खमीर आणून त्यांनी रांजणात टाकलं आणि फडकं बांधलं. थंडी कडाक्याची. खमीर जागं होईना. दोन दिवस रांजण नुसता मुका. आप्पा दर तासाला कान लावायचे. शेवटी त्यांनी बाळासाठी शिवून ठेवलेली नवी गोधडी उचलली आणि रांजणाला गुंडाळली. आई भडकली, "लेकराची गोधडी दारूला?" तिसऱ्या दिवशी आतून बुडबुडं ऐकू आलं आणि आप्पा असे हसले, की मला क्षणभर त्या रांजणाचा हेवा वाटला. पण मग भीती दुप्पट झाली. नाही झालं तर शब्द मोडतो, झालं तर गुन्हा होतो. मी त्या खोलीच्या दारावरून जातानासुद्धा पाय न वाजवता जायची.

बारा-तेरा दिवसांनी ती बिअर औषधाच्या आणि सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरली. आत गॅस धरावा म्हणून प्रत्येकीत गुळाचा खडा टाकायचा, हेही लढाईतलंच ऐकीव ज्ञान. पण किती टाकायचा? आप्पांनी चहाला टाकतो तेवढा टाकला. आणि आमच्या आप्पांचा चहा सबंध पंचक्रोशीत गोड. बुचं ठोकली, वरून सुतळीनं करकचून आवळली, आणि बाटल्या आतल्या खोलीत धान्याच्या कणगीमागं मांडल्या. चव मात्र त्यांना घेता येईना. तळव्यावर थेंब घ्यायचे, चोळायचे, वास घ्यायचे, आणि लगेच साबणानं हात धुवायचे. "जमली आसंल का गं?" मला विचारायचे. मी पोटुशी, मी काय सांगणार! आई तर त्या खोलीकडं बघायलाही तयार नव्हती. एवढा खटाटोप केलेला माणूस, पण आपण केलेलं साधलं की फसलं हे त्याला कळायला वाटच नव्हती.

आमचे हे रविवारी भेटायला यायचे. त्या रविवारी दुपारी जेवायला बसले होते. पहिला घास घेतला असेल नसेल, आतल्या खोलीतून बार निघाला. हे ताटावरून उडालेच. "काय फुटलं, मामा?"

"मांजर आसंल," आप्पा म्हणाले. "बरनी पाडली आसंल."

दुसरा बार. मग तिसरा. आईनं डोळे मिटून घेतले. मी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी. आणि मग खोलीच्या उंबऱ्याखालून काळा फेस बाहेर आला, सावकाश, फुगत फुगत, आणि ह्यांच्या पाटाला येऊन टेकला. दालचिनी, जायफळ, कोको आणि त्या सगळ्याखाली दारूचा वास. हे चार वर्षं हातभट्ट्या पकडत होते, त्यांना काय सांगावं लागणार! त्यांनी फेसाकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझं तोंड पांढरंफटक पडलं असणार, कारण ते आधी मला म्हणाले, "तू खाली बस बघू." मी बसले. मग आप्पांनी काही न लपवता सगळं सांगितलं. साहेबांचा आजार, शब्द, नाचणी, सगळं. हे ऐकत राहिले. ताटातला भात गार झाला. शेवटी उठले, खोलीत गेले आणि आतून त्यांचा आवाज आला, "मामा, गूळ लई झालाय. बुचं ढिली करा आधी, न्हायतर घर उडंल."

दोघांनी मिळून बुचं ढिली केली. मी दारातून बघत होते. फस्स फस्स आवाज येत होता. जाताना ह्यांनी टोपी घातली, सरळ केली आणि आप्पांना म्हणाले, "आज म्या जावई म्हणून आलतो. पुढच्या रविवारी येईन तवा घरात एक बाटली दिसता कामा नये. दिसली तर म्या पोलीस." मग हळूच म्हणाले, "वासावरनं तरी जमलीय, मामा." त्या एका वाक्यावर आप्पांनी पुढचे तीन दिवस काढले.

तीन धड बाटल्या निवडल्या, बाकीच्या उकिरड्यात ओतल्या. बुधवारी आप्पा भोरला निघाले, आणि मी हट्ट धरून बरोबर गेले. आठवा लागलेल्या, पोलिसाच्या बायकोची पिशवी कोण तपासतंय, असा माझा हिशेब. पिशवीत खाली बाटल्या, वर बाळंतविड्याचे कपडे. एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला मी पिशवी वर उचलायची. आणि कापूरहोळला गाडी थांबली तर चढले कोण, तर ह्यांच्याच चौकीतले हवालदार! मला बघून आनंदले. "वहिनी, तुम्ही? अहो ओझं उचलू नये अशा दिवसांत. द्या इकडं." आणि मी नको नको म्हणेपर्यंत पिशवी त्यांच्या मांडीवर गेलीसुद्धा. भोर येईपर्यंत ते बाळाच्या नावांची चर्चा करत होते. आप्पा खिडकीबाहेर बघत होते, त्यांच्या मानेवरून घामाची धार चाललेली मला दिसत होती. भोरला उतरताना हवालदारांनी पिशवी परत दिली आणि म्हणाले, "वास छान येतोय, लाडू का?" मी म्हटलं, "हो, डिंकाचे." आजही ते भेटले की मला त्या लाडवांची आठवण करून देतात.

साहेब पलंगावर उशांना टेकून बसले होते. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. आप्पा नेहमीसारखे भिंतीपाशी उभे राहिले. मला स्टूल दिलं. साहेबांनी मुलाला दोन काचेचे गिलास आणायला सांगितले आणि बाटली स्वतः उघडली. कुणाला हात लावू दिला नाही. काळी बिअर, वर तपकिरी फेस. साहेबांनी पहिला घोट घेतला, तोंडात धरला... साहेब गिळेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी मान हलवली. "तीच रे. तीच." आप्पांनी भिंतीला हात टेकला.

साहेबांनी दुसरा गिलास काठोकाठ भरला आणि पुढं केला. "बस. खुर्ची घे. आपण दोघं पिऊ."

इतक्या वर्षांत साहेबांनी आप्पांना 'बस' म्हटलेलं ते पहिल्यांदाच. आप्पा खुर्चीत बसले. गिलास हातात घेतला, वास घेतला आणि समोरच्या टेबलावर ठेवला. "साहेब, माजं पाचवं शील हाय. म्या घेत न्हाई."

"घेत नाहीस? मग न चाखता ही चव जमवलीस कशी?"

आप्पा खाली बघत म्हणाले, "तवा चाखली व्हती साहेब. तुमचा गिलास धुवायला नेताना तळाशी ऱ्हायलेली. चोरून."

साहेब हसले. अगदी मायेनं हसले, ते मला सांगितलंच पाहिजे. "चोरून कसली, वेड्या! मी मुद्दाम ठेवायचो. तुझ्यासाठी. रोज दोन घोट."

मी आप्पांकडं बघत होते. ज्या उष्ट्यावर आमच्या पिढ्या वाढल्या आणि दीक्षा घेताना जे आम्ही सोडलं, ते साहेबांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आप्पांना वाटत होतं त्यांनी चोरी केली. चोरी तरी आपली असते. मग ते बोलले, आणि आवाज अजिबात चढला नव्हता.

"साहेब, एक गिलास भरूनच द्यायचा व्हता."

साहेबांचं हसू थांबलं. टेबलावरच्या गिलासाकडं त्यांनी कितीतरी वेळ बघितलं. "आज भरलाय ना, सखाराम," ते म्हणाले.

"व्हय साहेब. पर आता म्या पीत न्हाई."

मला वाटलं आप्पा उठतील. उठले नाहीत. साहेबांनी मागं टेकून सावकाश, घोटाघोटानं आपला गिलास संपवला आणि आप्पा तोवर समोरच्या खुर्चीत बसून राहिले. साहेबांनी घामेजलेला हात पुढं केला, तो आप्पांनी दोन्ही हातांत धरला. कुणी माफी मागितली नाही, कुणी दिली नाही. आप्पांचा गिलास तसाच भरलेला होता. पंधरा दिवसांनी साहेब गेले.

त्या दिवशी परतताना एसटीची वाट बघत आम्ही भोरच्या स्टँडवरच्या हॉटेलात बसलो. आप्पांनी दोन चहा सांगितले. पोऱ्यानं पाऊण पाऊण कप आणले तर त्याला परत पाठवलं, "काठापातूर भर." तिथून ती सवय लागली. आप्पांच्या हातून कुणाला अर्धा कप मिळाला नाही. बशीत सांडायचा, सतरंजीवर सांडायचा, आई चिडायची. पण गावचा पाटील असो की दारावर आलेला मेंढपाळ, चहा काठोकाठ. स्वतः प्यायचे तो तळापर्यंत प्यायचे आणि कप पालथा घालायचे. मी कित्येकदा म्हटलं, "आप्पा, लोक हसतात." ते म्हणायचे, "हसू दे की."

शोकसभेनंतर मंडळी घरी आली. आईनं चहा केला. इतक्या माणसांतही ती एकेक कप काठापर्यंत भरत होती. आमचे हे पुढं होऊन म्हणाले, "मामी, मला अर्धाच द्या. सकाळपासनं लई झालाय." आईनं मान वर केली नाही. चहा काठाला आला, बशीत उतरला, तरी ती ओतत राहिली.

"आमच्या घरात अर्धा देत न्हाईत," ती म्हणाली.